‘आता सुटलीस’ म्हणणाऱ्यांना

तीन महिने सरतात, उलट्या थांबतात, पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलीत जातो आणि घरातली, शेजारची, ऑफिसातली माणसं एका सुरात म्हणतात, “आता सुटलीस बाई!” पाठोपाठ ठरलेलं सगळं येतं. चौथा, पाचवा, सहावा हे सुखाचे महिने. भूक लागते, चेहऱ्यावर तेज येतं, पोट अजून जड नसतं. फिरून घे, झोप काढून घे, हौस करून घे, पुढे आहेच मग. गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीच्या चोरओटीला गेले होते. ओटी भरणाऱ्या पाच जणींनी तिला पाच वेळा हेच सांगितलं. सहावी मी. मी तिच्या ओटीत नारळ घातला, हसले आणि गप्प बसले. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याची लाज वाटली. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. त्या पाच जणींनाही तेच सांगायचं आहे.

या बोलण्यात काहीच खरं नाही, असं माझं म्हणणं नाही. गर्भ पडण्याचं प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतं आणि नंतर ते खूप उतरतं. चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची मळमळ जाते. काहींची जात नाही, नवव्या महिन्यापर्यंत बादली उशाशी असते, पण त्या थोड्या. भाताच्या वासाने उठून जाणारी बाई पुन्हा पानावर बसते. हे खरं आहे आणि हा दिलासा कुणाकडून हिरावून घ्यावा असं मला वाटत नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. धोका कमी झाला, याचं बघताबघता धोका टळला असं होतं. आणि टळला याचा अर्थ घरात, कामावर, बाईच्या स्वतःच्या मनात असा लावला जातो, की आता शरीराने काही सांगितलं तरी ते मनावर घ्यायचं कारण नाही.

मी मनावर घेतलं नव्हतं.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मी हिशेबाचं काम करते. पहिल्या खेपेला एकविसावा आठवडा लागला होता. दोन आठवड्यांपासून बाळाची हालचाल कळायला लागली होती, आधी ओंजळीत मासोळी वळावी तशी, मग जरा ठळक. जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख जवळ आलेली, उठायला सवड नव्हती. मंगळवारी दुपारी कंबरेत मंद कळ सुरू झाली. जोराची नव्हती, पाळीच्या आदल्या दिवशी असते तशी. ओटीपोटात काहीतरी खाली सरकल्यासारखं जडपण होतं. अंगावरून पांढरं जायचं ते पाण्यासारखं पातळ झालं होतं. घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काळजीने ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं, गॅस असेल म्हणाल्या. जाऊबाई म्हणाल्या, पोट वाढताना शिरा ताणतात, मलाही व्हायचं. त्या काही खोटं बोलत नव्हत्या. गर्भाशय वाढतं तसा त्याला धरून ठेवणाऱ्या बंधांवर ताण येतो, जांघेत चमका निघतात. गॅसही होतो. पण त्यांच्या बोलण्याला आणि माझ्या मानण्याला आधार तपासणीचा नव्हता. आधार होता तो त्या वाक्याचा. मधल्या महिन्यांत काय होणार आहे?

बुधवारी मी कामावर गेले. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले आणि तिथून थेट रिक्षाने दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवीचं तोंड उघडलं होतं, पाणमोट खाली उतरली होती. संध्याकाळी सातपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता. सिस्टरनी विचारलं, बघायचंय का. मी बघितलं. बोटांना नखं होती.

दोन दिवस आधी आला असतात तर प्रयत्न करून बघता आला असता, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळ वाचलं असतं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण ते दोन दिवस माझे होते, आणि ते मी ओव्यावर आणि विश्वासावर घालवले.

चौथ्या दिवशी पहाटे छाती दगडासारखी घट्ट झाली आणि गाऊन ओला झाला. पाचवा महिना भरत आलेल्या बाईचं बाळ गेलं तरी तिला दूध येतं, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. आईने कोबीची पानं आणून बांधली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. हे इतकं स्पष्ट लिहिते आहे, कारण ज्या वाक्याशी माझं भांडण आहे ते वाक्य या सगळ्याला जागाच ठेवत नाही. मधले महिने सुखाचे म्हटलं, की त्या महिन्यांत जिचं काही बिघडलं ती अपवाद ठरते, आणि अपवादाला दूध येतं हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नसते.

आता, ही माझी एकटीची कथा नाही. पिशवीचं तोंड नीट कळा न येताच सैल पडून उघडतं, आणि ते उघडतं याच महिन्यांत. हे वैद्यकाला गेली सत्तर वर्षं माहीत आहे आणि ते जगाला समजावून दिलं ते गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान ज्यांचे गर्भ पुन्हापुन्हा पडत अशा बायका त्यांच्याकडे येत. त्यांच्या लक्षात आलं की यांतल्या काहींच्या बाबतीत दोष गर्भाचा नाही, दाराचा आहे. त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून त्यांनी गर्भाशयाच्या मुखाभोवती टाका घातला आणि १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही जगभर तो ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. १९५७ मध्ये मेलबर्नच्या डॉ. मॅक्डॉनल्ड यांनी त्याची सोपी तऱ्हा काढली. माझ्या दुसऱ्या खेपेला तेराव्या आठवड्यात असाच टाका घातला गेला आणि सदतिसाव्या आठवड्यात काढला. माझी मुलगी आता शाळेत जाते.

शिरोडकरांचं नाव मी अभिमानासाठी घेतलेलं नाही. आपल्याच माणसाने, आपल्याच मुंबईत, या महिन्यांकडे नीट बघून उपाय शोधला आणि आपल्याच घरांत ते महिने अजून सुटीचे मानले जातात, हे मला खुपतं. उपाय कळायला बाईचं म्हणणं आधी कुणीतरी ऐकावं लागतं.

२१ ऑक्टोबर २०१२ ला आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात बेळगावची सविता हलप्पनवार पाठदुखी घेऊन रुग्णालयात गेली, तेव्हा तिला सतरावा आठवडा चालू होता. वय ३१, स्वतः दंतवैद्य. आधी तिला घरी पाठवलं गेलं. त्याच दिवशी ती परत आली, खाली काहीतरी येतंय असं सांगत. हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पेपर हातातून ठेवून दिला, कारण ते माझे शब्द होते. गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. गर्भपात करा, अशी विनंती तिने आणि नवऱ्याने केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती मान्य झाली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ तारखेला ती गेली. तिच्या मृत्यूने पेटलेला आयर्लंड २५ मे २०१८ च्या सार्वमतापर्यंत पोचला आणि गर्भपात अडवणारी तिथली आठवी घटनादुरुस्ती रद्द करायचा कौल मिळाला. सतरावा आठवडा म्हणजे आपल्या हिशेबात पाचव्या महिन्याचं तोंड. ‘सुखाचा’ महिना.

आपल्या हिशेबाबद्दलही बोलायला हवं. घरात आपण महिने मोजतो: चौथा सरला, पाचवा लागला. दवाखाना आठवडे मोजतो, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आणि कायदा आठवड्यांनीच चालतो. ‘पाचवा चालू आहे’ म्हणणारी बाई अठराव्या आठवड्यात असू शकते, नाहीतर बाविसाव्या. घराच्या दृष्टीने यात फरक नाही. तिच्या दृष्टीने मात्र जमीन-अस्मानाचा आहे. बाळाचं डोकं, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय सगळं एकेक करून बघायची सोनोग्राफी, जिला आपण सरसकट ॲनॉमली स्कॅन म्हणतो, ती अठरा ते वीस आठवड्यांत करायची असते. त्यात शंका आली तर हृदयाची वेगळी तपासणी, गर्भजलाची तपासणी, तिचा अहवाल यायला पुन्हा दिवस. आणि समोर उभी चोविसाव्या आठवड्याची रेघ.

ती रेघही सहज मिळालेली नाही. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात मर्यादा वीस आठवड्यांची होती. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेलं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष निघाला होता, पण तो कळला तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते. परवानगी मिळाली नाही. कायदा बदलायला २०२१ साल उजाडलं. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरवून दिलेल्या कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत जाता येतं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही, पण राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडून. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित बाईलाही आहे असं स्पष्ट केलं. म्हणजे मूल ठेवायचं की नाही हा बाईच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न कायद्याने ज्या चार-पाच आठवड्यांत बसवला आहे, ते आठवडे नेमके तेच, ज्यांत आपण तिला महाबळेश्वरला फिरून ये म्हणून सांगतो. ‘एवढी काय घाई, मधले महिने आहेत, पुढच्या पगाराला करू सोनोग्राफी’ हे मी कानांनी ऐकलं आहे. त्या पुढच्या पगारापर्यंत रेघ ओलांडून गेलेली असते.

याच महिन्यांत आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसायला लागते, बाळाचं लिंग. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी आहे, प्रत्येक बाईचा एफ फॉर्म भरला जातो. तरीही मार्च २०१७ मध्ये माझ्या माहेरच्याच सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला म्हणून तपास सुरू झाला होता. ज्या घरात मुलगा हवा असतो, त्या घरातल्या बाईचा जीव चौथ्या-पाचव्या महिन्यातच टांगणीला लागतो. तिला कुणी ‘आता सुटलीस’ म्हणावं? सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ आपण अजून हसत खेळतो. बर्फी निघाल्यावर क्षणभर पडणारी शांतता मी ऐकली आहे. हा खेळ बंद करावा, असं मला मनापासून वाटतं.

डोहाळ्यांचा विषय निघालाच आहे तर, परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी मूळ ठिकाणी जाऊन बघावं. डोहाळे हा शब्द आला आहे दौहृदावरून. सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईत दोन हृदयं असतात, आणि तिला हवं ते द्यावं. म्हणजे जुन्या वैद्यांनी चौथा महिना निवांत मानला नव्हता. तिला काय हवंय हे विचारायला सुरुवात करायचा तो महिना होता. आपण त्यातलं विचारणं काढून टाकलं आणि हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा आणि फोटो ठेवले.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो करणारी माणसं बहुधा प्रेमळच असतात. गरोदरपण म्हणजे आजार नव्हे. आमच्या आज्या नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबल्या, त्यांना कुठे होत्या सोनोग्राफ्या? तुम्ही शिकलेल्या बायका उगाच घाबरवता. माझ्याही आजीला कुणी मुलं किती विचारलं की ती पाच म्हणायची. आई सांगते, दोन ‘राहिली नाहीत’ आणि एक ‘अर्ध्यात गेलं’. अर्ध्यात गेलं, हा शब्द आमच्या भागात आहे. ज्या भाषेत मधल्या महिन्यांत जाणाऱ्या बाळांसाठी वेगळा शब्द आहे, त्या भाषेतल्या आज्यांना ते महिने सुखाचे वाटत होते, हे मी मानणार नाही. त्या बोलल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची होती. आणि ज्या आज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची साक्ष काढायला आपण जाऊ शकत नाही. २०१८-२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ होते, महाराष्ट्रात ३३. हा आकडा ३३ वर आला तो रक्तदाब बघून, रक्त तपासून, वेळेवर हलवून. गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार विसाव्या आठवड्यानंतर डोकं वर काढतो. साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा करायची असते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची जी मोफत तपासणी होते, ती खास दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी ठेवलेली आहे. सरकारी यंत्रणेलाही जे कळलं आहे ते आपल्या चोरओट्यांना का कळू नये?

रक्ताचं तर जरा थांबून सांगते. गरोदर बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि या वाढीचा मोठा भाग मधल्या महिन्यांत उरकतो. पण त्यातलं पाणी जितकं वाढतं तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. त्यामुळे हिमोग्लोबिन खाली येतं, नेमकं तेव्हा जेव्हा बाई बाहेरून टवटवीत दिसायला लागते. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका त्यात होत्या, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. म्हणून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची एक लाल गोळी घ्यायची असते, आणि याच काळात जंताची एक. माझ्या माहेरच्या आशाताई घरी आल्या की गोळ्या घेतल्या का असं विचारतच नाहीत. त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याच्या डब्यामागे, पिठाच्या पिंपावर हात घालतात. भरलेली पाकिटं तिथेच सापडतात. गोळीने शौच काळं होतं, पोट धरतं, तोंडाला धातूची चव येते, म्हणून बायका टाळतात. ज्या घेतात त्यातल्या निम्म्या चहाबरोबर घेतात आणि चहाने ते लोह अंगी फारसं लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, एवढं सांगायला आशाताईंना प्रत्येक घरात दहा मिनिटं लागतात. पण सासू म्हणते, “आता बरी आहे की ती, तीन महिने झाले, कशाला गरम गोळ्या?” आशाताईंची दहा मिनिटं त्या एका वाक्यासमोर वाया जातात.

बाळ गेल्यानंतर मी माहेरी होते, वाळवा तालुक्यात. नोव्हेंबर होता, कारखाने सुरू झालेले, आमच्या बांधापलीकडच्या फडात बीडकडची टोळी उतरली होती. मी दिवसभर ओसरीवर बसून त्यांच्याकडे बघायची. एक बाई, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पोट दिसत होतं. तिचा नवरा ऊस तोडायचा, ती मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढत वर टाकायची. मोळी तीस-पस्तीस किलोची सहज असेल. फळी तिच्या वजनाने लवायची, ती एक पाय पुढे टाकून थांबायची, तोल घ्यायची, मग दुसरा. एकदा पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं. पाचवा सरला, सहावा लागलाय म्हणाली. एवढं जड उचलू नको, म्हटलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्या महिन्यांत काय होत नसतं, ताई. मुकादम बी तेच म्हणतोय.”

ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे. उचल आधीच घेतलेली, एका कोयत्यामागे दोन माणसं धरलेली, एक बसली तर खाडा पडतो आणि तो फिटेपर्यंत पुढचा हंगाम उजाडतो. मुकादमाला तिने सहाव्या महिन्यात बसलेलं परवडणारं नाही. माझ्या ऑफिसला मी रिटर्नच्या आठवड्यात उठलेली परवडणारी नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत बाई ओकाऱ्या काढत असते, शेवटच्या तीनांत पोट पुढे असतं, दोन्ही वेळा तिला काम सांगायला माणूस जरा तरी बिचकतो. मधल्या महिन्यांत ती उभी राहू शकते, चालू शकते, हसू शकते. म्हणून ते ‘सुखाचे’. या शब्दाने तिचं सुख मोजलेलं नाही, तिच्याकडून होऊ शकणारं काम मोजलेलं आहे.

कायदाही याच चष्म्यातून बघतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली रजा २०१७ मध्ये बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, चांगलंच झालं. पण त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून पुढे. अवघड, कष्टाचं, तासन् तास उभं राहायचं काम देऊ नये, ही तरतूदही प्रसूतीच्या दहा आठवडे आधीपासून लागू होते, आणि तीही बाईने मागणी केली तर. त्याआधी काय? गरोदरपणामुळे आजार उद्भवला तर महिनाभर जादा रजा आहे, पण आजार आधी सिद्ध करा. मधल्या महिन्यांकडे कायदा खरं लक्ष देतो ते बाळ गेल्यावर: सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर सहा आठवड्यांची पगारी रजा. मला ती कुणी सांगितली नाही. मी आजारपणाच्या रजेत नऊ दिवस काढले आणि दहाव्या दिवशी ब्लाऊजमध्ये रुमालाच्या घड्या घालून कामावर गेले. सहा आठवड्यांचं कलम मला दोन वर्षांनी कळलं. फडातल्या त्या बाईला तर यातलं एकही कलम लागू पडत नाही, कारण तिचा मालक कोण हे कागदावर कुठेच नाही.

तर मी घाबरवते आहे का? माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्या खेपेला मला सगळं माहीत होतं. कंबरेतली कळ थांबून थांबून येते का, पांढरं पाण्यासारखं होतं का, डोकं दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, लघवीला आग होते का, हे रोज बघत होते, आणि टाका असलेल्या त्या पाच महिन्यांत मी तीनदा अवेळी दवाखान्यात गेले. तिन्ही वेळा काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई एकदाही वैतागल्या नाहीत. त्या खेपेला बाळाची पहिली लाथ मी जेवढ्या निवांतपणे अनुभवली तेवढी पहिल्या वेळी नव्हती अनुभवली. ज्या बाईला माहीत असतं की तक्रार केली तर ऐकली जाईल, तिलाच या महिन्यांत थोडंफार सुख मिळतं. तिला काही सांगायचं नाही, फक्त तिचं ऐकायचं आहे, आणि ‘कितवा महिना’ याऐवजी ‘कितवा आठवडा’ विचारायचं आहे.

परवा मी चोरओटीवाल्या मुलीला फोन केला. कशी आहेस विचारलं. मस्त, मावशी, आता काय, मधले महिने, म्हणाली. कितवा आठवडा, मी विचारलं. ती थांबली. पाचवा चालू आहे. आठवडा, मी म्हटलं. तिने फाइल आणली, पाळीची तारीख वाचली, आम्ही दोघींनी फोनवरच बोटं मोजली. एकोणीस आठवडे, चार दिवस. मोठी सोनोग्राफी कधी आहे? तीन आठवड्यांनी, ह्यांची सुटी त्यानंतर आहे ना, म्हणाली. मी तिला तिच्या डॉक्टरांकडे फोन लावायला सांगितलं आणि माझा फोन चालूच ठेवला. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. बरोबर मी जाणार आहे.